कादंबरीचा अडत्या

गेल्या हंगामातल्या उसाचे दुसरे बिल सोसायटीच्या खात्यावर जमा झाले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी धारा काढून होतात न होतात तोच आमचा चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी हातात. तो टोपी हातात घेऊन आला म्हणजे विषय पैशाचा असतो, हे मला चाळीस वर्षांच्या भाऊबंदकीने शिकवले आहे.

"आण्णा, दलालाला पैसं आधी देत्यात का मागनं?"

मला वाटले म्हशीचा नाहीतर बैलजोडीचा व्यवहार असेल. विचारले, "कसला दलाल रे?"

"पुस्तकाचा."

मग चहाबरोबर हळूहळू सगळे बाहेर आले. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पोराने तीन वर्षे रात्री जागून एक कादंबरी लिहिली. आपल्याच फडावर टोळीबरोबर आलेल्या एका लहान मुलीची गोष्ट आहे. लिहिली आहे इंग्रजीत. मराठीत का नाही, यावरून त्याचे माझे वाजलेले आहे, पण तो वाद इथे नको. कादंबरी झाली आणि कुणीतरी फोनवरून गाठ घातली. "आम्ही लिटररी एजंट आहोत. तुमचे पुस्तक लंडनच्या प्रकाशकांपर्यंत पोचवतो. वाचनाची फी आणि दुरुस्तीचा खर्च मिळून 45 हजार रुपये आधी भरा." पोराकडे तेवढे नव्हते. बापाकडे बिल जमा झाले होते.

मी हायस्कुलात बावीस वर्षे इंग्रजी शिकवले. म्हणजे भाऊबंदांच्या दृष्टीने लंडनचे सगळे मला ठाऊक असणार. चुलतभावाला म्हटले, "चार दिवस थांब. पैसे हलवू नकोस." नंतर जे वाचले, आधी वाचलेले जे आठवले, ते इथे मांडतो. आपल्या सभासदांची मुले आता शिकली आहेत. कुणी डॉक्टर झाला, कुणी इंजिनीअर, तसा कुणी लेखकही होणार. तेव्हा हा प्रश्न उद्या तुमच्याही दारात टोपी हातात घेऊन उभा राहील.

'एजंट' म्हटले की आपल्याला अडत्या आठवतो, आणि अडत्या आठवला की तोंड कडू होते. कारखाना व्हायच्या आधी आमच्या वडिलांचे गुऱ्हाळ होते. गुळाचे रवे गाडीत भरून बाजारपेठेत नेत. अडत्याच्या दुकानासमोर रवे मांडायचे, व्यापारी येऊन सौदा करणार, आणि संध्याकाळी हातात पट्टी पडायची. पट्टीत वरती रक्कम मोठी असे. खाली अडत, हमाली, तोलाई आणि उचलीवरचे व्याज. वडील पट्टी खालून वर वाचायचे. कागदोपत्री अडत्या हा शेतकऱ्याचाच माणूस, आपला माल विकून देणारा. पण पेरणीला त्याची उचल घेतलेली असायची, त्यामुळे दुसऱ्या दुकानी जायची सोय नसे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी कारखान्याचा धूर काढला आणि त्यामागोमाग गावोगावी कारखाने उभे राहिले, त्यामागे ही पट्टी होतीच. मधला माणूस काढून टाकायचा, हे आपण वडिलांच्या मांडीवर बसून शिकलो.

आणि लंडनचा लेखक मात्र आपण होऊन मधला माणूस शोधत हिंडतो. असे का?

पूर्वी तिकडेही लेखक थेट प्रकाशकाकडे जाई. प्रकाशक देईल त्या रकमेवर सही करून पुस्तकाचे सगळे हक्क विकून टाकी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने लेखकांच्या वतीने सौदे करण्याचा धंदा सुरू केला. दलाली शेकडा दहा. लेखनाच्या धंद्यातला पहिला एजंट म्हणून त्याचेच नाव घेतात. किपलिंगसारखे लेखक त्याच्याकडे होते. प्रकाशकांना हा माणूस अजिबात आवडला नाही. विल्यम हाइनमन या प्रकाशकाने तर एजंटांवर जाहीर टीका केली. खरेदीदार जेव्हा दलालाच्या नावाने बोटे मोडू लागतो, तेव्हा दलाल कुणाच्या बाजूने उभा आहे हे वेगळे सांगायला नको.

मात्र उचलीचा रोग तिकडेही होता. पुढे पिंकर नावाचा एजंट झाला. तो नवख्या लेखकांना हाताशी धरी. जोसेफ कॉनरॅड या मोठ्या कादंबरीकाराला तो लिखाण पुरे होण्याआधीच वर्षानुवर्षे पैसे पुरवत राहिला. कॉनरॅडच्या डोक्यावर त्याचे कर्ज चढत गेले आणि दोघांचे एकदा कडाक्याचे भांडणही झाले. तरीही त्या पैशावर कॉनरॅडचा संसार चालला आणि पुस्तके झाली, हेही खरे. उचल चांगली की वाईट, याचा निकाल आपल्याकडे लागलेला नाही, तिकडेही नाही.

आता आपल्या जवळची गोष्ट सांगतो. 1986-87 च्या सुमारास दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका लागायची. तेव्हा गल्लीत दोन घरी टीव्ही होते आणि सारी गल्ली तिथे जमायची. त्यातला स्वामी हा पोरगा सगळ्यांना आठवत असेल. मालिकेतली चित्रे 'कॉमन मॅन'वाल्या आर. के. लक्ष्मण यांची. स्वामीला जन्माला घालणारे आर. के. नारायण हे त्यांचे थोरले बंधू.

हा नारायण म्हैसूरचा. वडील हेडमास्तर. 1930 साली बी. ए. झाला. चन्नपट्टणच्या शाळेत मास्तरकी मिळाली, ती थोड्याच दिवसांत सोडून घरी परतला. मला कादंबऱ्याच लिहायच्या आहेत, म्हणाला. घरात भावंडे पुष्कळ, आणि शिकलेला मुलगा इंग्रजीत गोष्टी लिहीत बसलेला. घरोघरी काय बोलणे झाले असेल ते आपण ओळखू शकतो. आजीने चांगला दिवस काढून दिला, त्या दिवशी वही विकत आणून त्याने 'स्वामी अँड फ्रेंड्स'ला सुरुवात केली. पुढे मद्रासच्या एका वर्तमानपत्राला म्हैसूरहून बातम्या पाठवण्याचे काम धरले, लग्नही केले.

कादंबरी झाल्यावर ती लंडनच्या प्रकाशकांकडे टपालाने जाऊ लागली. बोटीने जायला आठवडे, यायला आठवडे, आणि परत येताना सोबत छापील नकार. नारायणांचा एक मित्र, पूर्णा नावाचा, ऑक्सफर्डला शिकायला गेला होता. हस्तलिखित परत म्हैसूरला न येता त्याच्याकडे जावे, अशी व्यवस्था केली. पूर्णाने ते घेऊन आणखी प्रकाशकांचे उंबरे झिजवले. तिथेही नकार. शेवटी नारायणांनी मित्राला कळवले की, त्या कागदांना एक दगड बांध आणि थेम्स नदीत सोडून दे.

मित्राने ऐकले नाही. त्या वेळी ग्रॅहम ग्रीन हा तरुण कादंबरीकार ऑक्सफर्डला राहत होता. तिशीचा माणूस, अजून मोठे नाव झालेले नव्हते. पूर्णाने हस्तलिखित त्याच्याकडे नेले. ग्रीनला ते इतके आवडले की, त्याने ते आपण होऊन हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाच्या गळी उतरवले. 1935 साली पुस्तक निघाले. नारायणस्वामी हे लांबलचक नाव इंग्रज वाचकाच्या तोंडी बसणार नाही, म्हणून ते आखूड करायचा सल्लाही ग्रीनचाच. ग्रीनने ज्या माणसाला पाहिलेले नव्हते त्याच्यासाठी हे केले. दोघांची प्रत्यक्ष गाठ पडली ती 1956 साली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. माझ्या मते महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे.

पहिले पुस्तक खपले नाही. वर्तमानपत्रांनी बरे लिहिले, पण खप नाही. हॅमिल्टनने दुसरी कादंबरी घ्यायला नकार दिला. पहिल्या वर्षी रिकव्हरी बसली नाही म्हणून दुसऱ्या वर्षी नोंदच घेतली नाही, असे समजा. इथे नारायण संपायचे. पण ग्रीनने मध्यंतरी एक काम करून ठेवले होते. आपले स्वतःचे व्यवहार पाहणारा डेव्हिड हायम नावाचा एजंट, त्याच्याशी नारायणांची गाठ घालून दिली होती. दुसरी कादंबरी 1937 साली नेल्सनने काढली. तिसरी 1938 साली मॅकमिलनने. चौथी 1945 साली आयर अँड स्पॉटिसवुडने. चार कादंबऱ्या, चार प्रकाशक! खप बेताचा, मध्ये महायुद्ध, 1939 मध्ये बायको विषमज्वराने गेलेली. प्रकाशक बदलत गेले, एजंट तोच राहिला. म्हैसूरला बसलेल्या माणसाला लंडनच्या कुठल्या दारात आता जावे, कुठल्या दारात जाऊ नये, हे कसे कळणार? ते हायमला कळत होते. आणि त्याची कमाई केव्हा? नारायणांचे पुस्तक विकले जाईल तेव्हाच.

ग्रीनसारखा देवमाणूस प्रत्येकाला भेटत नाही. भेटला तरी तो किती दिवस तुमची गाडी ओढणार? त्याने स्वतःच्या जागी एक धंदेवाईक माणूस उभा करून दिला, हे त्याचे खरे शहाणपण असे मला वाटते.

जाता जाता एक सांगतो. महायुद्धात इंग्लंडशी दळणवळण तुटल्यासारखे झाले तेव्हा नारायणांनी म्हैसूरलाच 'इंडियन थॉट' या नावाने स्वतःचे प्रकाशन काढले आणि आपली पुस्तके आपणच छापली. परदेशचा बाजार एजंटाकडे, घरचा बाजार आपल्या ताब्यात. सहकारी कारखान्याच्या सभासदाला हे वाचून बरे वाटावे.

आता एजंट नेमके करतो काय, ते आपल्या भाषेत सांगतो. आपण ऊस घालतो तेव्हा कारखान्यातून फक्त साखर निघत नाही. मळी निघते, तिची डिस्टिलरी चालते. बगॅस निघतो, त्यावर वीज होते. प्रेसमड निघते, ती पुन्हा शेतात येते. उसाचा दर ठरवताना या सगळ्याचा हिशेब धरावा म्हणून आपण वार्षिक सभेत भांडतो. कादंबरीचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये छापायचा हक्क वेगळा, अमेरिकेत छापायचा वेगळा, भारतात वेगळा. भाषांतराचा प्रत्येक भाषेगणिक वेगळा. वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा वेगळा, सिनेमाचा वेगळा. अनाडी लेखक एकाच कागदावर सही करून सारी उपउत्पादने साखरेच्या भावात देऊन बसतो. एजंट ती सुटी करून विकतो. नारायणांच्या 'द गाइड'ला 1960 चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि 1965 साली देव आनंदने त्यावर सिनेमा काढला. सिनेमात आपल्या गोष्टीचे काय केले यावर नारायण पुढे बरेच चिडून लिहीत राहिले. पण ते चिडणे वेगळे आणि हक्काचे पैसे वेगळे.

पैशाची रीतही आपल्या ओळखीची आहे. प्रकाशक करार करताना काही रक्कम आगाऊ देतो. ती म्हणजे पहिली उचल. पुढे प्रत्येक प्रतीमागे लेखकाचा ठरलेला हिस्सा, तो आधी त्या उचलीत वळता होतो आणि उचल फिटल्यावर लेखकाला मिळू लागतो. पुस्तक पडले तरी उचल सहसा परत मागत नाहीत. (हे वाचून आमच्या चुलतभावाचे डोळे मोठे झाले.) प्रकाशकाचे पैसे एजंटाकडे येतात, तो आपली दलाली कापून बाकीचे लेखकाला पाठवतो. इंग्लंडात आज स्वदेशातील विक्रीवर शेकडा 15 आणि परदेशी व भाषांतराच्या हक्कांवर शेकडा 20, असा साधारण दर आहे. म्हणजे शंभरातले पंधरा त्याचे, पंच्याऐंशी लेखकाचे. पट्टी खालून वर वाचली तरी त्यात हमाली, तोलाई दिसत नाही.

आणि इथेच चुलतभावाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पैसे मागनं. माल विकला तरच. इंग्लंडमधल्या एजंटांच्या संघटनेच्या नियमातच आहे की, सभासद एजंटाने हस्तलिखित वाचण्याची फी घ्यायची नाही. कारण उघड आहे. ज्याला वाचनाचेच पैसे मिळतात, त्याने पुस्तक विकण्यासाठी धडपड कशाला करायची? त्याचा ऊस तुमच्या खिशात आहे, प्रकाशकाच्या गव्हाणीत नाही.

मग असा एजंट मिळतो कसा? वाट फार साधी आहे आणि फार कंटाळवाणी. कादंबरी आधी पुरी लिहायची. नवख्याची अर्धी कादंबरी कुणी पाहत नाही. मग एक पानाचे पत्र, एक-दोन पानांत संपूर्ण कथानक शेवटासकट, आणि पहिली तीन प्रकरणे. कोणता एजंट कोणत्या प्रकारची पुस्तके घेतो हे पाहून त्यालाच पाठवायचे. सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडे गूळ नेऊन उपयोग नाही. मग वाट पाहायची. आठवडे, कधी महिने. पुष्कळदा उत्तरच येत नाही.

आज जगभर गाजलेल्या हॅरी पॉटरच्या बाई, जे. के. रोलिंग. 1995 साली पदरात लहान मुलगी, हाताला धड नोकरी नाही, अशा अवस्थेत त्यांनी एडिंबरोमध्ये पुस्तक पुरे केले. एजंटांच्या यादीतून नावे काढून प्रकरणे पाठवली. पहिल्याने परत केली. दुसरा क्रिस्टोफर लिटल. त्याचे नाव ऐकायला गमतीचे वाटले म्हणून निवडलेला! त्याच्या कार्यालयातही मुलांची पुस्तके घेत नसत आणि ते पाकीट नकाराच्या ढिगात गेले होते. तिथे काम करणाऱ्या एका तरुण मुलीने ते सहज उघडून वाचले आणि बाकीचे मागवायला लावले. पुढे डझनभर प्रकाशकांनी नाही म्हटले. ब्लूम्सबरीने घेतले, 1997 साली पुस्तक निघाले. डझनभर नकार पचवण्याचे काम एजंटाचे होते. बाईंनी तेवढ्या वेळात दुसरे पुस्तक लिहायला घेतले.

आपल्याकडचे उदाहरण अरुंधती रॉय यांचे. 1996 मध्ये त्यांचे हस्तलिखित दिल्लीत पंकज मिश्र या संपादकाने वाचले आणि लंडनला तीन ठिकाणी पाठवले. त्यातला डेव्हिड गॉडविन हा एजंट वाचून झाल्यावर विमानात बसून थेट दिल्लीला आला. 1997 साली त्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. चांगल्या उसाला टोळी आपण होऊन येते, पण हे हजारात एखाद्याच्या बाबतीत. बाकीच्यांनी तोडचिठ्ठीची वाट पाहायची.

मराठीत ही पद्धत रुजली नाही. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी काढली, ती अशीच प्रकाशक आणि लेखक यांच्या समोरासमोरच्या व्यवहारात. तो प्रकाशक पारखी असला तर लेखकाचे कल्याण, नसला तर हिशेब विचारायचीही चोरी. मराठी पुस्तकांचा बाजार लहान, शंभरातल्या पंधरांवर कुणाचे पोट भरणार, हे एजंट नसण्याचे एक कारण असावे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी मात्र आता दिल्ली-जयपूरकडे एजंट आहेत आणि ते लंडनशी व्यवहार करतात. तेव्हा आमच्या पोराने एजंट शोधला यात त्याचे काही चुकले नाही. त्याने शोधला नव्हता, एजंटानेच त्याला शोधला होता, आणि शंका तिथेच यायला हवी होती.

चार दिवसांनी चुलतभाऊ पुन्हा आला. मी हे सगळे सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हंजी त्यो हायम आपल्या अडत्यापरीस बराच की."

"उचल देत नव्हता म्हणून बरा," मी म्हटले.

"आन् पोरगं? त्येचं काय करू? त्येला वाटतंय बापानं पैसं दिलं न्हाईत म्हणून पुस्तक आडलं."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मग मीच पोराला फोन लावला. तासभर बोललो. पहिल्यांदा तो चिडला. "काका, तुम्हाला आताचं काही माहीत नाही," असेही म्हणाला. मी म्हटले, "त्या माणसाला एकच विचार. 45 हजार आत्ता नको, पुस्तक विकले गेल्यावर त्यातले पंधराच्या जागी वीस टक्के घे, चालेल का?" त्याने विचारले. त्यानंतर त्या बाजूने फोन आला नाही.

मग पोराने रीतसर यादी काढली. माझ्याकडून पत्राचे इंग्रजी तपासून घेतले, पहिल्या प्रकरणातली कोपी आणि पाचटाची वर्णने मी त्याच्या आईकडून तपासून घेतली, कारण त्यात दोन चुका होत्या. आजवर अकरा ठिकाणी प्रकरणे गेली आहेत. सहा नकार आले, चार ठिकाणांहून काहीच नाही. एका बाईंनी गेल्या महिन्यात कळवले की उरलेली कादंबरी पाठवा, वाचून सांगते. फी विचारली तर नाही म्हणाल्या. कादंबरी पाठवली आहे.

चुलतभाऊ रोज संध्याकाळी सोसायटीवरून जाताना माझ्या दारात थांबतो आणि विचारतो, "लंडनचं काय?" बिलाच्या पैशातून त्याने ठिबकचे पाइप घेतले.